कवळीकाकांचं सरकारी विमान

कवळीकाकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायला कुणी मान वर केल्याचं ऐकिवात नाही. एकतीस वर्षं हा माणूस दातांच्या कवळ्या बनवत होता. शहरातले पाच-सहा दंतवैद्य रोग्याच्या जबड्याचं माप त्यांच्याकडे पाठवायचे, काही लोक थेट दुकानात येऊन माप द्यायचे. काका त्यात प्लास्टर ओतायचे, वर मेणाच्या हिरड्या चढवून दात बसवायचे, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरायचे आणि घासूनपुसून असं चकाकवायचे की घालणाऱ्याला आपलेच दात परत आल्यासारखं वाटावं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. काकांचं भरलं होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. घरात ते आणि काकू; मुलगी लग्न होऊन परगावी.

स्वभावानं माणूस भित्रा, आणि हे त्यांना स्वतःलाही मान्य होतं. पोस्टमननं जाड पाकीट दिलं की ते आधी काकूंच्या हातात जायचं. रस्त्यात पोलीस दिसला की काही केलेलं नसताना त्यांची चाल बदलायची, आणि चाल बदललेली त्याला कळली असेल म्हणून ते आणखी घाबरायचे. अशा माणसानं सगळं सोडून सरकारी विमान बनवायला घ्यावं, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

पण वेड लागायला कारण होतं. विमानं उतरायची ती त्यांच्या गच्चीवरून. दिवसभर ये-जा चालायची आणि कुणाचं लक्षही नसायचं. एखाद्या दिवशी मात्र अचानक सगळं थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं आभाळ रिकामं. मग एकटंच एक पांढरं विमान यायचं, अंगावर निळा पट्टा, शेपटीवर राजमुद्रा. देशाचे सगळ्यांत मोठे साहेब त्यातून फिरत. काका हातातली कवळी तशीच ठेवून गच्चीवर धावायचे. "जबडा उघडा टाकून पळालात पुन्हा," काकू खालून ओरडायच्या.

साडेतीन वर्षं त्यांनी ते विमान बनवलं. खऱ्याच्या एका मीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत बेचाळीस सेंटिमीटर. दोन भागांचा प्लास्टरचा साचा, त्यात ॲक्रिलिकचं धड. पंख पातळ लाकडाचे. खिडक्यांना बिनरंगी ॲक्रिलिक, टाळूला वापरतात तेच. मापं विमानांच्या एका पुस्तकातून घेतली होती, कारण विमान जातीनं साधंच होतं. तसली शेकडो विमानं प्रवासी घेऊन उडतात. सरकारीपणा होता तो रंगात आणि बारीकसारीक गोष्टींत. त्यासाठी काका वर्तमानपत्रातली कात्रणं जमवायचे. साहेब जिन्यावरून हात हलवत उतरतात, तसली. बाकीचं जग साहेबांकडे बघायचं, काका मागचा दरवाजा बघायचे. तसं बघताबघताच त्यांना शेपटीखाली दोन छोटे उंचवटे सापडले. आदल्या वर्षीच्या फोटोत ते नव्हते. कसले आहेत कुणास ठाऊक, पण आहेत ना? मग काकांनी दोन टिंबं घडवली आणि चिकटवली.

इथवर सगळं कात्रणांचं. आतलं मात्र कात्रणांचं नव्हतं. आतलं बारक्यानं सांगितलं होतं.

बारक्या हा काकूंचा धाकटा भाऊ. पन्नाशीला आलेला, वजन नव्वद किलो, पण लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नाही. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि काकू चौदाच्या. त्यांनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला. तो विमानतळावर सफाईच्या कामाला होता, आणि गेली सहा वर्षं त्या सरकारी विमानाच्या तुकडीत. तिथं घेताना त्याच्याकडून लिहून घेतलं होतं की आत जे दिसेल ते बाहेर बोलणार नाही. पण रविवारी बहिणीकडे चहा पिताना माणूस लिहून दिलेलं विसरतो. "मधे टेबल आहे, भावोजी. लांबट. दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या, समोरासमोर. मागं पडदा, पडद्यामागं पलंग. काय गालिचा! पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत." काका ऐकत राहिले, आणि पुढच्या सहा महिन्यांत टेबल, मक्याच्या दाण्याएवढ्या खुर्च्या, पलंग, पडदा, सगळं विमानाच्या पोटात आलं. छप्पर वेगळं ठेवलं, डब्याच्या झाकणासारखं उचलता येईल असं. ते उघडून दाखवलं तेव्हा बारक्या टाळ्या पिटत म्हणाला, "आयला, मी रोज इथं झाडू मारतो!"

हे तिघांतच राहिलं असतं. पण ग्रंथालयाच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन लागलं आणि काकू म्हणाल्या, "न्या की. चार लोकांना दिसू दे. घरात बसून काय अंडी घालणार आहे ते?"

प्रदर्शनात काकांना भलताच मान मिळाला. लोक वाकवाकून बघत होते. दुपारी करड्या शर्टातला एक माणूस आला. त्यानं वाहवा केली नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि विमानाच्या शेपटीखाली बराच वेळ बघत राहिला.

"हे दोन उंचवटे कुठून आणलेत?"

"फोटोतून," काका अभिमानानं म्हणाले. "कुणाच्या लक्षातच येत नाहीत."

"तुमच्या आले." तो उठला. "आत काही आहे?"

"आत सगळं आहे!" काका म्हणाले, आणि झाकणाला हातही घातला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ मधे घुसले, तोंडातून खालची कवळी काढून त्यांच्यासमोर धरली आणि बोळक्या तोंडानं ती टोचत असल्याची तक्रार करू लागले. काकांनी मागं वळून बघितलं तर करडा शर्ट गेलेला. त्या वेळी त्यांना वाईट वाटलं, की माणसाला आतलं दाखवायचं राहून गेलं.

गुरुवारी दुपारी एक शिपाई दुकानात आला. त्यानं सही घेऊन कागद दिला. सोमवारी अकरा वाजता अमुक इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, विमानाच्या प्रतिकृतीसह हजर राहावे. कशासाठी, ते लिहिलेलं नव्हतं. खाली सही होती, पण नाव नव्हतं.

काकांची दातखिळीच बसली. आयुष्यभर इतरांच्या जबड्यांशी खेळलेला माणूस, पण स्वतःचा जबडा हलेना. कागद घेऊन ते वर गेले आणि काकूंच्या पुढ्यात ठेवला. काकूंनी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "मीच म्हणाले होते ना, न्या म्हणून." दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "अहो, आत बारक्या आहे."

काकांनाही आता तेच दिसत होतं. उंचवटे फोटोतले होते, ते दाखवून देता आले असते. पण टेबल? पलंग? पडद्याचा कुठलाच फोटो कुठल्याच कागदात छापून आलेला नव्हता. ते झाकण उघडलं की आत जणू बारक्याची सहीच होती.

"रिकामं करून टाकू सगळं," काका म्हणाले.

"तुम्ही त्याला सांगितलंत ना, आत सगळं आहे म्हणून? आता रिकामं नेलंत तर विचारेल, कुठं गेलं."

हे खरं होतं. काका पलंगावर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल बंद केली तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"बारक्याला फोन करू?" काकांनी विचारलं.

"नको. त्यांचा काय नेम, ऐकत असतील."

ज्यांच्या घरात कालपर्यंत फोनवर मुलीच्या सर्दीखोकल्यापलीकडे काही बोललं जात नव्हतं, त्या घरात हे वाक्य उच्चारलं गेलं आणि कुणालाच त्यात वेडेपणा वाटला नाही.

वाट सुचली ती काकांनाच, शुक्रवारी सकाळी, एका बाईंच्या वरच्या जबड्यात दात लावताना. खोटे दात बसवायचे तर आधी खरे काढावे लागतात. इथंही तेच करायचं होतं. पुस्तकात त्याच जातीच्या साध्या प्रवासी विमानाचा आतला नकाशा होता: मधून वाट, दोन्ही बाजूंना तिघातिघांची बाकं, तेवीस रांगा. सरकारी विमानात कधीच पाय न ठेवलेला माणूस आत काय बसवेल? पुस्तकात दिसेल तेच. शेहेचाळीस बाकं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. हातात तीन दिवस होते.

दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. "आजारी आहेत" असं काकू ग्राहकांना सांगत होत्या, आणि काकांचा चेहरा बघता ते खोटं म्हणवत नव्हतं. काकांनी चिमट्यानं एकेक खुर्ची उपटली. सहा खुर्च्या, टेबल, पलंग, काकूंच्या जुन्या रेशमी रुमालातून कापलेला पडदा. प्रत्येक तुकडा चिकटवताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. निघताना कट्‌कन निघत होता. सगळं त्यांनी घासायच्या यंत्रावर धरलं आणि त्याची पूड केली. पूड काकूंनी ओल्या फडक्यानं टिपली, फडकं धुतलं, मोरीत पाणी ओतलं, आणि पुन्हा एकदा ओतलं.

मग बाकं. मेणाची एक पट्टी, तिचा साचा, साच्यात ॲक्रिलिक. पावडर आणि पातळ द्रव कालवला की वीस मिनिटांत त्याचा दगड होतो, पण त्या वीस मिनिटांत दुकानात उभं राहवत नाही इतका उग्र वास सुटतो. शटर वर करायची हिंमत नव्हती. डोळ्यांतून पाणी गाळत काकू बारीक करवतीनं तुकडे पाडत होत्या. एकतीस वर्षांत त्या कधी कामाच्या टेबलाशी बसल्या नव्हत्या.

शनिवारी दुपारी, एकतिसाव्या बाकावर, त्यांनी करवत खाली ठेवली. "एक विचारू? त्यांनी दटावलं, किंवा दोन ठेवून दिल्या... तुम्ही नाव नाही ना घेणार?"

काका रंग लावत होते. त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. उत्तर द्यायला नको होतं असं नाही, पण त्यांना स्वतःच्या जिभेचा भरवसाच वाटत नव्हता. लहानपणी शाळेत मास्तरांनी नुसती छडी उचलली तरी हा माणूस न केलेले गुन्हे कबूल करायचा. माराची त्यांना भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की खुर्चीत बसल्याबसल्या, कुणी हात लावण्याआधीच, ते आपणहून बोलून मोकळे होतील.

काकूंनी वाट पाहिली आणि करवत पुन्हा उचलली. दर रविवारी चहाला येणारा बारक्या त्या रविवारी आला नाही. दोघांनाही हायसं वाटलं. का आला नाही, हे विचारायचं सुचलंच नाही.

सोमवारी काका खोकं मांडीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर बाकड्यावर बसले होते. दारांवर नंबर होते, नावं नव्हती. एक बाई फायली घेऊन गेली, ती परत आली, पुन्हा गेली. अकराचे साडेबारा झाले. काकांना लघवीला लागली होती, पण खोकं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, आणि खोकं घेऊन गेलं तर तिथं काय केलं असं विचारतील. ते तसेच बसून राहिले.

आत बोलावलं तेव्हा टेबलामागं एक वयस्कर साहेब होते, आवाज मऊ, बोलणं आदराचं. खिडकीशी करडा शर्ट उभा होता. साहेब म्हणाले, "या, बसा. त्रास दिला तुम्हाला." या आदरानं काकांच्या तोंडचं उरलंसुरलं पाणी पळालं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आधी कात्रणं झाली. काकांनी वही पुढं केली: दोनशे चौदा फोटो, प्रत्येकाखाली तारीख. उंचवट्यांचे तीन फोटो त्यांनी बोटानं दाखवले. साहेबांनी भिंगातून बघितलं आणि खिडकीकडे वळून म्हणाले, "आपणच छापायला दिलेत की हे." करड्या शर्टानं मान खाली घातली.

"आता आतलं दाखवा. सगळं आहे म्हणालात ना यांना?"

काकांनी झाकण उचललं. ॲक्रिलिकचा भपकारा खोलीत पसरला. साहेबांनी नाक आक्रसलं. "हा वास कसला?"

"आमच्या धंद्याचा, साहेब. माझ्या अंगालाही येतो." आणि ते खरंच होतं.

साहेब वाकले. तेवीस रांगा, राखाडी बाकं. अठराव्या रांगेतलं डावीकडचं बाक रंगवायचं राहून गेलेलं, हिरडीसारखं गुलाबी, काकांना तेव्हाच दिसलं. त्यांनी नजर काढून घेतली, ती दुसरीकडे कुठं ठेवावी कळेना, म्हणून पुन्हा तिथंच गेली.

साहेब हसले. "असं नाहीये हो हे आतून."

"मला कसं माहीत असणार, साहेब? पुस्तकात असं आहे."

मग साहेबांनी त्याच मऊ आवाजात विचारलं, "विमानतळावर ओळखीचं कुणी?"

नाही म्हणावं तर त्यांना ठाऊक असणारच. हो म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला. आणि तेव्हा, ज्या जिभेचा तीन दिवस भरवसा नव्हता, ती आपली आपणच हलली. "माझा मेहुणा आहे, साहेब. सफाईला. त्याला एकदा विचारलं होतं मी, आत कसं असतं म्हणून. तो भडकला माझ्यावर. म्हणाला, भावोजी, माझी नोकरी घालवता का? मग मी नाही पुन्हा विषय काढला."

हे असं झालेलंच नव्हतं. काका स्वतःच ते ऐकत होते.

साहेबांनी काहीतरी लिहिलं. मग ड्रॉवरमधून एक छोटी कानस काढून पुढं सरकवली. "हे दोन उंचवटे तेवढे काढून टाका. इथंच. छापलं ती आमची चूक. तुम्ही ती मिरवू नका." काकांनी कानस घेतली आणि साडेतीन वर्षांतली सगळ्यांत बारीक कारागिरी पाच मिनिटांत सपाट केली. करड्या शर्टानं खाली कागद धरला होता. पूड पुडीत बांधून त्यानं ती खिशात टाकली. "निघा आता," साहेब म्हणाले. "चांगलं काम आहे तुमचं."

घरी पोचल्यावर काका आधी संडासात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. काकू दाराबाहेर उभ्या. "नाव घेतलंत?" त्यांनी विचारलं. "घेतलं," आतून आवाज आला, "पण चांगलं घेतलं."

पुढच्या रविवारी बारक्या आला. चहा तसाच निवत राहिला. शेवटी तोच म्हणाला, "ताई, दार लाव." आणि मग सांगितलं, की त्यालाही बोलावलं होतं. शुक्रवारी. काकांच्या तीन दिवस आधी. त्याच मजल्यावर.

"मला का नाही सांगितलंस?" काकू ओरडल्याच.

"सांगू नकोस म्हणाले होते. आणि भावोजी घाबरून काय करतील याचा नेम होता का?"

"काय विचारलं तुला?" काका म्हणाले.

"विचारलं, तुझे भावोजी विमान बनवतात, तू आतलं सांगितलंस का. मी म्हणालो, छे हो. विचारतात ते दर रविवारी, मी दर रविवारी झापतो त्यांना."

काकांनी डोळे मिटले. खरं टेबल, खरा पलंग आत असता, तर बारक्याचं ते वाक्य तिथंच उघडं पडलं असतं. भिंतीला टेकून त्यांनी एक मोठा श्वास सोडला. मग डोळे उघडले. "दर रविवारी म्हणालास?"

"हो. का?"

"मी म्हणालो, एकदा."

एकदा आणि दर रविवारी. साहेबांनी लिहिलं होतं काहीतरी. दोन्ही कागद कुणी शेजारी ठेवून वाचले असतील का? वाचले असतील तर अजून कुणी आलं कसं नाही? की येणार आहे? काकू म्हणाल्या, एवढ्याशा फरकानं काही होत नाही, माणसं घाबरून कमीजास्त बोलतात. बारक्या म्हणाला, हो, तसंच असेल. पण चहा तसाच ठेवून उठला.

कुणी आलं नाही. दोन महिन्यांनी बारक्यानं गुडघ्यांचं कारण सांगून साध्या प्रवासी विमानांकडे बदली मागून घेतली, ती मिळाली. तो रविवारी येत राहिला, पण कामाचं बोलणं बंद; पाऊसपाणी, भाज्या, मुलीची खुशाली. काका पुन्हा कवळ्या बनवू लागले. दारावर थाप पडली की त्यांचा हात हलायचा. एकदा त्यापायी एका शिक्षिकेचा सुळा तिरका बसला आणि ती तसाच घेऊन गेली.

विमानाचं काय करायचं, यावर नवराबायकोंचं बरेच दिवस खलबत चाललं. काकूंचं म्हणणं, फोडून टाका. काकांचं म्हणणं, उद्या कुणी विचारलं तर? निर्दोष माणूस आपलं साडेतीन वर्षांचं काम का फोडेल? म्हणून ते फोडता येत नव्हतं, कुणाला देता येत नव्हतं, आणि माळ्यावर टाकावं तर लपवल्यासारखं दिसलं असतं. शेवटी काकांनी झाकण कायमचं चिकटवलं आणि विमान दुकानात, दर्शनी कपाटात, ठेवलं. दर सोमवारी काकू त्यावरची धूळ पुसतात. माप द्यायला आलेले लोक थबकतात, काचेला नाक लावतात आणि म्हणतात, "काय हुबेहूब केलंय हो!"

"हो," काका म्हणतात, आणि पुढच्या माणसाला तोंड उघडायला सांगतात.